चुकांची वही सूनबाईकडे

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा बटणांची आयात-निर्यात, गुडघे सोडून बाकी शाबूत. डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर पत्नीचे. चाळीस वर्षे ते तिनेच सांभाळले. मी फक्त जेवायला आणि झोपायला येत होतो. तिच्यानंतर ते मुलाला मिळावे.

२. धंदा व गोदाम मात्र सूनबाईच्या नावे. मुलाने रुसू नये. तो गुणी आहे, पण न वाचता सही करतो.

कारण लिहून ठेवतो. आम्ही कस्टमच्या ‘विश्वासू व्यापारी’ प्रमाणपत्रासाठी अर्ज केला होता. ते असले की माल बंदरावर सहसा न उघडता पुढे जातो. नेमके तेव्हाच गोदाम सांभाळणाऱ्या अण्णांच्या हातून कंटेनरचे सील तुटले. त्यांनी दुसरे लावले, पण कागदांवर नंबर जुनाच राहिला. कोणाला पत्ताही लागला नसता. सूनबाईने आपणहून कस्टमला कळवले. कंटेनर उघडला गेला, जहाज चुकले आणि मी तिच्याशी पंधरा दिवस बोललो नाही.

पुढे तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी विचारले, वर्षभरात काय काय चुकले? मी छातीठोकपणे सांगितले, काही नाही. सूनबाईने चुकांची वही पुढे केली; धंद्यात जे जे चुकेल ते ती त्यात टिपून ठेवत असे. बाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली.

“काका, तुमचं ‘काही नाही’ ऐकून मी उठणारच होते,” त्या म्हणाल्या. “या वहीमुळे बसले.”

महिन्याभरात प्रमाणपत्र आले. पोरी, तुझे उपकार मी तोंडाने कधी मानले नाहीत, ते इथे मानतो.

३. प्रमाणपत्र माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे ते कोणाला देता येत नाही. मालक बदलल्याचे कळवले नाही तर ते रद्द होऊ शकते. म्हणून माझ्या मरणाची खबर आधी कस्टमला द्यावी. लांबचे नातेवाईक थांबतील.

४. धाकटा भाऊ म्हणाला होता, “तुला विश्वासू म्हणायला कस्टमवाले काय खुळे आहेत?” त्याला प्रमाणपत्राची झेरॉक्स फ्रेम करून द्यावी, खिळ्यासकट. अण्णांना माझी आरामखुर्ची. त्यांच्यावर राग नाही.

५. चुकांची वही सूनबाईची. तिच्यात आज मी स्वतः एक नोंद केली आहे, ती अशी:

चूक: सूनबाईशी पंधरा दिवस अबोला.
कोणाची: मालकाची.
दुरुस्ती: मृत्युपत्र, कलम दोन.

वरील सर्व मी दोनदा वाचले आणि दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही: बटणवाला

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर (सही)
२. शेजारचा शिंपी (सही)

स्थळ: गोदामावरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२१, मंगळवार