निळ्या बैलाचं कुंकू

३० जून १९४६. गावी
चित्र होत आलं. निळा बैल, मागं पिवळं शिवार, बस्स. आबा दारातूनच म्हणाले, "बैल कवा निळा असतोय व्हय रं?" मुंबईचं हे शेवटचं प्रदर्शन, असं त्यांनी बजावलंय. बक्षीस नाही आलं तर सांगलीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. हेडमास्तरांशी बोलूनही आलेत. मास्तरकी वाईट नाही, पण माझे रंग तिथंच वाळून जातील.

१२ जुलै. बेंदूर
डोकं फिरलंय. औंदा दावणीला बैल नाही, सर्जा उन्हाळ्यात गेला. म्हणून आईनं चित्रालाच ओवाळलं. ओल्या रंगावर कपाळभर कुंकू. पुसायला गेलो तर फराटा शिंगापर्यंत. ओरडलो तिच्यावर. ती म्हणाली, "सनाच्या दिशी बैलाचं कपाळ मोकळं ठिवत्यात व्हय?" वर चित्रापुढं पुरणपोळी. उद्या चित्राची पेटी सातारा रोड स्टेशनावर मुंबईच्या गाडीत चढवायची. मेलो.

१३ जुलै
सकाळी पुन्हा पाहिलं. तो लाल फराटा... इतके दिवस चित्र जिथं अडत होतं, तिथंच बसलाय. हात लावला नाही. तसंच पाठवलं. होईल ते होईल.

१० ऑगस्ट. सातारा
तार आली. सुवर्णपदक! पोवई नाक्यावर एका अनोळखी माणसाला मिठी मारली. संध्याकाळी गावी जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "निळा तर निळा. आपलाच हाय." आणि आळीभर पेढे. मास्तरकी सुटली एकदाची.

२२ सप्टें. सांगली
चित्र इथल्या हॉलमध्ये लावलंय. त्याच हेडमास्तरांनी मला हार घातला. भाषणात म्हणाले, हा लाल फटकारा म्हणजे चित्रकाराचं धाडस. आई पहिल्या रांगेत. मी उठून सांगितलं, धाडस तिचं. टाळ्या थांबेनात. आई पदरात तोंड घालून हसत होती.
नंतर आईला विचारलं, निळा असून चित्रात सर्जा ओळखलास कसा?
"मान बघ की. जू ठिवायच्या आदी अशीच वाकवायचा."
पदकानं झाला नव्हता एवढा आनंद झाला.

२३ सप्टें. सांगली, आत्याकडे
मुंबईचे एक शेट चित्र विकत मागतायत. विलायतेला नेणार म्हणे. आबांची मान ताठ, "देऊन टाक." आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "दे की. पन बेंदराला तितं त्याला ववाळनार कोन, तेवढं इचारून घे."
शेट उद्या सकाळी येतायत. विचारणार आहे.