नऊ नंबरचं सॉकेट

ओल्डेस्लूट, १४ ऑक्टोबर १९९६
ती. वीबेदादास,
धाकट्या फोकेलचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? वाटाण्याचं सूप तीन-तीन वाट्या ओरपल्यावर तो कुरकुरणारच, असं वहिनी म्हणते.

बाबांच्या उचलपुलाचं जुनं पॅनेल काढतायत. रिले सगळे उपसून नेले, भिंतीवर नुसती रिकामी सॉकेटं उरलीत. तरी पूल उचलायच्या वेळी नऊ नंबरच्या सॉकेटातून ‘कट्’ असा आवाज येतो. हसू नकोस, मला खरंच भीती वाटते. काल ते सोडवलं, तर मागच्या स्क्रूंना तारेचे दोन तुकडे! फाटक पडल्याशिवाय पूल हलू न देणारा रिले कोणीतरी तार जोडून डायरेक्ट केला होता, नंतर तार मधोमध कापली होती.

म्हणजे फाटक उघडं असतानाही बटणावर पूल उचलला गेला असता. पण सीप्केकाका सायकलसकट पाण्यात पडून बुडाले तेव्हा बाबा म्हणाले होते, मीच फाटक न पाडता, रिले टाळून हातचाकाने पूल उचलला. पंचवीस वर्षं गाव त्यांना शिव्या देतंय. सीप्केकाकांची बायको, आउकेकाकू, माझं तोंडही बघत नाही. पॅनेलचं काम तेव्हा तू बघायचास. तार कोणाची?

उत्तराची वाट बघते.
तुझी फोकेल

झ्वोले, १९ ऑक्टोबर
चि. फोकेल, अनेक आशीर्वाद.

तार माझी.

सॉकेटची पकड ढिली झाली होती, रिले हलायचा, दर बोटीला पूल अडायचा. नवं सॉकेट सोमवारी येणार होतं. दोन दिवसांपुरतं डायरेक्ट केलं आणि बाबांना सांगायचं राहिलं. शनिवारी फाटक वरच अडकलं. ते पडल्याशिवाय पूल हलायचा नाही, या भरवशावर बाबांनी बोटींकडे बघत बटण दाबलं.

नंतर त्यांनीच तार कापली, जुनी पकड पक्कडीने आवळली आणि मला म्हणाले, घरी जा, जेव. माझं लग्न महिन्यावर होतं. मी जेवलो गं.

तो आवाज मला इथे स्वयंपाकघरातही येतो. काय करू?
वीबे

ओल्डेस्लूट, २३ ऑक्टोबर
दादा,
मला काय विचारतोस? आउकेकाकूला लिही. स्वतःच्या हाताने.
फोकेल

झ्वोले, २ नोव्हेंबर
श्रीमती आउकेकाकू यांस,
स. न. वि. वि.

सीप्केकाका माझ्या चुकीने गेले. माझ्या बाबांच्या नव्हे. त्यांनी हातचाकाला हातही लावला नव्हता. सगळं सविस्तर सोबतच्या कागदावर लिहिलं आहे, तो कोणालाही दाखवा.

इथे लोभ मागायची रीत आहे. मी मागत नाही. फक्त फोकेल पुलावर दिसली, तर तिच्याकडे एकदा बघा.

वीबे