ही खोली कोणाच्या नावावर

मी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, बँकेतून निवृत्त, तरुण मुलामुलींना पैशाचे व्यवहार आणि धंदा शिकवणाऱ्या संस्थेची संस्थापक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. गुरुवारी हृदयाचे ऑपरेशन आहे, त्याची मात्र फार भीती वाटते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि बचत धाकट्या भावाला द्यावी. आईच्या आजारपणात त्याने एकदाही तोंड दाखवले नाही, हे मी विसरलेले नाही. तरी द्यावी.

२. वर्गाची खोली त्याला मिळू नये. ती संस्थेला द्यावी. इथे माझी चूक कबूल करते. धंद्याची मालमत्ता आणि घरची मालमत्ता वेगळी ठेवा, असे बावीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आणि खोली घेतली स्वतःच्या नावावर. एका विद्यार्थिनीने भर वर्गात विचारले होते, "बाई, मग ही खोली कोणाच्या नावावर आहे?" मी तिला वर्गाबाहेर काढले. भावाने फरशांच्या गोदामासाठी खोलीची मापेसुद्धा घेऊन ठेवली आहेत. मी गेले तर चाळीस मुलांनी बसायचे कुठे, याचीच मला काळजी आहे.

३. मुले वर्गात सरावासाठी बाजार मांडतात, त्याची टेबले, वजनकाटा, पाट्या मुलांकडेच राहाव्यात. पंख्याचे बटण जपून दाबावे, ते झटका देते.

४. तीच विद्यार्थिनी आज पिशव्या शिवण्याचा कारखाना चालवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. तिची माफी मी काल मागितली.

५. वरचे वाचून ती म्हणाली, "बाई, मरायची वाट कशाला बघायची? बक्षीसपत्र करून खोली आत्ताच संस्थेला देऊन टाका." मी खरे ते सांगितले. खोली दिली की इथे माझी कोणाला गरज उरणार नाही आणि मग ऑपरेशनमधून उठायचे तरी कशासाठी, अशी मला धास्ती वाटते. तिने नोंदणी कार्यालयात फोन लावला आणि ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारची वेळ घेतली. उद्याची का नाही घेतलीस, असे मी विचारले.

"देणाऱ्याला स्वतः यावं लागतं, बाई. तुम्ही या."

६. त्या सोमवारी मी हजर राहिले, तर कलम दोन रद्द समजावे.

स्थळ: वर्गाची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार

लिहून ठेवणार: बाई (सही)
साक्षीदार: १. समोरचे छापखानेवाले (सही) २. औषधांच्या दुकानातल्या काकू (सही)