वाळवायचं शेत

१२ जून

शेत मेलेलं दाखवायचंय. आणि शेत सख्ख्या भावाचं!

ऑफिसात दिवसभर खाणीच्या तळ्याचा हिशोब. खडी काढली की जमिनीखालचं पाणी उघडं पडतं, आणि उघडं पडलं की ऊन ते पिऊन टाकतं. डेन्व्हरचे रस्ते होतात, प्लॅट नदीचं पाणी हवेत जातं. जेवढं गेलं तेवढं नदीला परत द्यायचं, असा कायदा. किती गेलं ते काढायचं आणि ते कुठून भरून द्यायचं ते शोधायचं, ही माझी नोकरी. या खाणीसाठी सापडलं ते माझ्या भावाच्या, वेंडेलच्या पाटाचं पाणी.

मीच सुचवलं. त्याच्या स्वयंपाकघरात बसून, त्याने भाजलेले कोबी-खिम्याचे बन खात, गोड बोलून सही घेतली. त्याचे गुडघे गेलेत, शेती होत नाही, हे खरंच आहे. पण शब्द कंपनीचे होते आणि आवाज बहिणीचा. वेंडेलने कागद वाचलाही नाही. "तू वाचलायस ना? मग झालं."

अट एकच. त्या शेतात आता हिरवं काही दिसता कामा नये. हिरवं दिसलं म्हणजे शेत पाणी पितंय, मग नदीला दिलं काय?

३ जुलै

पाहणीला गेले. वरचं शेत वाळून खडखडीत. कंपनीच्या दृष्टीने उत्तम! मग उतारावरून खाली, नदीकाठच्या कॉटनवूडच्या झाडांकडे गेले — आणि थबकले. लसूणघास गुडघाभर उभा. जांभळी फुलं, मधमाश्या, सगळा थाट.

वरून थेंब नाही आणि हा हिरवागार! त्याची मुळं पार खाली, जमिनीच्या पोटातल्या पाण्यात. ते पाणीही नदीचंच. हे मी शिकलेय, चार लोकांना शिकवलंय. आणि माझ्या हिशोबात काय? पाट बंद, घास मेला. असं धरून मोकळी!

वेंडेल कुंपणाला टेकून उभा होता. "बघून घे बाई. मी एक थेंब सोडलेला नाही."

"माहितीये रे. पण मारावा लागेल तो. औषध फवार, नाहीतर खोल नांगर घाल."

"पाणी विकलं मी, कोरी. मुळं नाही विकली."

मी पेन काढलं. नकाशावर तेवढा भाग हिरवा रंगवायचा होता. रंगवला नाही. शेजारी लिहिलं — 'तुरळक'. खाली सही केली.

४ जुलै

तुरळक! गुडघाभर घासाला तुरळक!

गावात स्वातंत्र्यदिनाचे फटाके चाललेत. मी डोकं दुखतंय म्हणून घरीच.

२१ जुलै

आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या, मिस्टर किताहारांच्या विहिरीचा पंप सरकारने बंद केला. नदी आटली की खालच्या अंगाच्या विहिरी आधी बंद होतात. त्यांचा कांदा आत्ता कुठे गड्डा धरत होता.

बाजारात भेटले. सत्तरी ओलांडलीय त्यांनी, मी अजून त्यांना मिस्टर किताहाराच म्हणते. लहानपणी वेंडेल आणि मी त्यांच्या ट्रकच्या मागे बसून शाळेत जायचो. टोपी काढून म्हणाले, "कोरीन, तुमची खाण नदीचं देणं नीट देते ना गं?"

"हो," म्हणाले मी. डोळ्यांत बघून म्हणाले! नंतर गाडीत बसून राहिले. किल्ली लावायचं सुचेना.

एका कोपऱ्यातल्या घासाने कुणाची विहीर बंद पडत नाही. खरंय. पण नदीकाठचा प्रत्येक जण हेच म्हणतो.

२२ जुलै

वेंडेलसाठी केलं, अशी समजूत घालतेय स्वतःची. साफ खोटं. हिरवं दाखवलं असतं तर माझा हिशोब चुकलाय हे सगळ्यांना दिसलं असतं. चूक झाकायला 'तुरळक' लिहिलं. भाऊ नुसता पांघरायला घेतला.

९ ऑगस्ट

कुणीतरी तक्रार केली. डेल्फिनो आर्चुलेटा गुरुवारी शेत बघायला येणार. तो नदीचा सरकारी पाटकरी, कुणाला कधी किती पाणी सोडायचं ते तोच ठरवतो. विहिरी बंद झालेल्यांच्या वतीने मिस्टर किताहाराही येणार.

वेंडेलला फोन केला. सगळं सांगितलं — मी काय बघितलं, काय लिहिलं. "माझा इंजिनिअरचा परवाना जाईल रे." आणि रडले. मुद्दाम नाही रडले. पण रडू थांबवलंही नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जेवलीस का?"

१४ ऑगस्ट

लिहायला नको वाटतंय. पण इथे नाही लिहिलं तर कुठेच नाही.

चौघे त्या हिरव्या तुकड्यात उभे. आर्चुलेटा वाकला, एक रोप उपटायला गेला, ते निघेना. "वा! मोडेल पण वाकणार नाही." कुणी हसलं नाही. त्याने माझा नकाशा काढला, घासाकडे बघितलं, परत नकाशाकडे. मी तोंड उघडणार — खरंच उघडणार होते का? — तेवढ्यात वेंडेल बोलला.

"तिचा दोष नाही. पहाटे पहाटे पाटाचं पाणी घेत होतो मी. ती यायच्या आधी घास कापून ठेवला होता. तिला काय दिसणार?"

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! शाळेत पाठ केलेलं म्हणतात तसं म्हणाला. कान लाल झाले होते.

मिस्टर किताहारांनी त्याच्याकडे बघितलं. या खोऱ्यात माणूस दारू पिऊन ट्रक पाटात घालतो, दुसऱ्याची बायको पळवतो, तरी लोक कधीतरी माफ करतात. पाणी चोरणाऱ्याला नाही. त्यांनी टोपी घातली आणि ट्रककडे चालू लागले. वेंडेलने नेहमीच्या सवयीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

आर्चुलेटा माझ्याकडे वळला. शांतपणे विचारलं, "असंच झालं का, कोरीन?"

मी मान हलवली. हो म्हणून.

१५ ऑगस्ट

माझा भाऊ चोर नाही. माझा भाऊ चोर नाही. इथे लिहून काय उपयोग!

१८ ऑगस्ट

गावभर झालं. पेट्रोल पंपावर दोघं वेंडेलबद्दलच बोलत होते. "म्हातारा साळसूद दिसायचा. पाणी विकून पैसे घेतले, आणि वर चोरून पाणीही पाजलं!" मला बघून गप्प झाले. एक जण म्हणाला, "तुम्हाला पण फसवलं हो त्याने. सख्खी बहीण!" त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी थँक्यू म्हणाले!

संध्याकाळी शेतावर गेले. वेंडेल तणनाशकाचा पंप पाठीला बांधून घास मारत होता. त्या गुडघ्यांवर, ओळीने. मी पुढे होऊन पंप मागितला. "नको. वास लागतो कपड्यांना," म्हणाला.

रागावला असता तर बरं झालं असतं.

२० ऑगस्ट

आर्चुलेटाचा फोन. "वेंडेलचं नाव मी अहवालात कुठेही घालणार नाही. त्याच्या शेताकडचं पाटाचं दार मी स्वतः एप्रिलमध्ये वेल्डिंग करून बंद केलंय. तिथून पाणी जाऊच शकत नाही."

मग म्हणाला, "म्हणून तर त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं."