तिच्या हाताची घडी

जहाजावरून,
५ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

निघालो त्या दिवशी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. दुकानाच्या फळ्या लावल्या, शिलाई मशिनवर कापड टाकलं, देवाला नमस्कार केला. मग स्टुलावर चढून कपाटावरची हिची बॅग खाली काढली. ठकी दारात उभी होती. तिला वाटलं, मी ती तिच्याकडे सांभाळायला देतोय. मी ती माझ्या बॅगेशेजारी ठेवली. ठकी आत गेली. गाडी येईपर्यंत ती मोरीत भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी.

तुला सगळं ठाऊकच आहे. ठकी जहाजकंपनीच्या बुकिंग कचेरीत लागली, तेव्हाच तिने आईला शब्द दिला होता की तुम्हा दोघांना एकदा मोठ्या जहाजातून पाठवीन, आणि तेही खालच्या कोंदट खोलीतून नाही, वरच्या ऐसपैस सुटातून. तिने तो खराही केला. पण तारीख उजाडायच्या आत ही गेली. ठकी म्हणाली होती, बाबा, आईच्या जागी मी येते. मी नको म्हणालो. का, ते तिला सांगितलं नाही.

आता इथली गंमत ऐक. सुटातल्या माणसाला रांग म्हणून नाही. बंदरावर शेकडो माणसं उन्हात ताटकळत होती आणि मला एका बाजूच्या दारातून, जावयाला नेतात तसं, आत नेलं. खोली म्हणजे आपल्या शाळेचे दोन वर्ग होतील एवढी. बाहेर समुद्रावर आपली स्वतःची गच्ची, तिथे दोन खुर्च्या. सगळं दोनच आहे. दोन झगे, दोन सपातांचे जोड, दोन दुर्बिणी. उशी कशी हवी हे विचारायला छापील कार्ड आणतात. मऊ, कडक, पिसांची, मानेची. मी म्हटलं, डोकं टेकेल अशी द्या. रोज संध्याकाळी अंथरूण साफ करून दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवतात. माझं मी खातो. तिचं खणात ठेवतो.

आमच्या खोलीला एक खास सेवक आहे. करड्या जाकिटातला, माझ्याच वयाचा, हळू बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने अदबीने विचारलं की बाईसाहेब कधी येणार. मी काय सांगावं? तोंडातून निघून गेलं की येतील मागाहून. तेव्हापासून रोज सकाळी तो गच्चीत दोन कप ठेवतो आणि दोन्हींत चहा ओतून जातो. मला मोडवत नाही.

पत्राचं उत्तर ठकीने दिलेल्या पत्त्यावर टाक. पुढच्या बंदरात मला मिळेल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं हेच बरं.

तुझ्या आशीर्वादाचा हात पाठीवर राहू दे.
तुझा
धाकटा


घरून,
१४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझं अक्षर अजून मास्तरांच्या छडीला भिऊन सरळ चालतं, बघून बरं वाटलं. उशांचं वाचून मी एकटीच हसत सुटले. लहानपणी आपण एका उशीवर तिघं निजायचो आणि उशीपेक्षा तुझे केसच मऊ होते. जन्मभर दुसऱ्यांचे सूट शिवलेस, आता सुटात राहायला मिळतंय तर नीट राहा. अंग चोरून बसू नकोस. कुणी वाढलं तर पुरे पुरे म्हणत हात आडवा घालायची तुझी सवय तिथे तरी सोड.

पण एक गोष्ट मला रुचली नाही. मेलेल्या माणसाला येतील मागाहून म्हणणं चांगलं नाही. तू कधी गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणून परवा दिलं नाहीस, आणि आता असं बोलतोस. वेळ आहे तोवर त्या सेवकाला खरं काय ते सांगून टाक. आणि त्या बॅगेचं काय केलंस? तुझ्या पत्रात बॅग घरातून निघाली आणि पुढे नाहीशीच झाली. उघडलीस का?

ठकी माझ्याकडे राहायला आली आहे. कामाला जाते, येते, दोन घास खाते. कशी आहेस विचारलं तर ठीक आहे म्हणते. आई गेल्यावर ती अजून रडलेली नाही रे. मला त्याचीच भीती वाटते. तिला नको म्हणालास ते का, हे मला तरी सांग. पोटात ठेवून कुणाचं भलं झालंय?

माझा मोतीबिंदू पिकलाय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. काळजी करू नकोस, हल्ली बटण लावण्याइतकं सोपं झालंय म्हणतात.

जेवत जा, आणि आमची आठवण आली की लिहीत जा.
तुझी
ताई


जहाजावरून,
२३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डोळ्याला पट्टी असेल तर हे पत्र तसंच राहू दे, घाई नाही. पट्टी निघाल्यावर सावकाश वाच. आणि ठकीला यातलं काही कळू देऊ नकोस.

बॅगेचं विचारलंस. ते लिहायचं मी टाळलं होतं. बॅग मी उघडली नाही. ती घरातून आणली ती उघडायला नव्हेच. तुला आठवतं, शेवटच्या दिवसांत ही दुपारभर दार लोटून बॅग भरत बसायची. मी दुकानातून आलो की बॅग पलंगाखाली आणि ही हसून गप्प. ती गेल्यावर मी एकदाच झाकण उचलून पाहिलं होतं. वर तिचा स्वेटर, बाह्या आत दुमडून, कॉलर वर, अगदी आम्ही दुकानात गणवेशाची घडी घालतो तशी. मी बोट न लावता झाकण लावलं. माणूस गेलं, पण तिच्या हाताची घडी आत शाबूत आहे, एवढं मला पुरत होतं.

सुटातल्या पाहुण्याची बॅग सेवकच उघडून लावतो, ही इथली सोय. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. पहिल्या दिवशी मी जेवून परत आलो तर कपाट उघडं. अर्ध्या बाजूला माझे कपडे, अर्ध्या बाजूला हिचे, सगळे हँगरवर. घड्या उमटल्या होत्या म्हणून त्याने इस्त्रीसुद्धा करून आणले होते. तिच्या चपला पलंगाजवळ जोडीने ठेवलेल्या. रिकामी बॅग पलंगाखाली सरकवलेली. तो बिचारा शाबासकीसाठी उभा होता. मी छान म्हणालो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

ताई, इस्त्री मी जन्मभर केली. लोकांच्या कपड्यावरच्या किती घड्या मोडल्या असतील. त्या दिवशी कळलं, आपण काय पुसत होतो ते.

तो निळा कोटही टांगलेला आहे. समुद्रावर वारं असतं म्हणून मी हिच्यासाठी शिवला होता. ती वाळत गेली तसा दोनदा आत घेतला. तिला म्हणायचो, कापड आत तसंच ठेवलंय, बरी झालीस की सोडू. एकदाही घातला नाही तिने.

आता ठकीचं. तिला नको म्हणालो, कारण त्या जागेवर कुणीतरी बसलं असतं. दुसऱ्या खुर्चीत ठकी बसली असती, दुसरा कप ठकीने उचलला असता, म्हणजे मग ही खरंच गेली असं झालं असतं. रिकामी जागा निदान तिची तरी आहे. तू म्हणशील, हे वेडेपण आहे. देवासमोर बसतो तेव्हा मलाही तसंच वाटतं. उठलो की पुन्हा तेच. सेवकाला अजून सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी तो तिच्या खुर्चीवर शाल ठेवून गेला, गारठा आहे म्हणून.

रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.
तुझा
धाकटा


घरून,
२ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

अक्षर बघून तू दचकला असशील. ऑपरेशन लांबलं, त्यामुळे डोळ्याला अजून पट्टी आहे आणि दुसऱ्या डोळ्याने अक्षर लागत नाही. मी सांगते आहे आणि ठकी लिहिते आहे.

तू सावकाश वाच म्हणाला होतास. मला कुठला आलाय धीर? पत्र हातात पडलं आणि मी तिला म्हटलं, वाच गं. आत काय असेल हे मला काय माहीत, तुझं आपलं समुद्र आणि उशा असेल असं वाटलं. तिने वाचायला सुरुवात केली. ठकीला यातलं काही कळू देऊ नकोस, हे तिने वरच्या ओळीच्याच सुरात वाचलं. मी म्हटलं, थांब, राहू दे. ती म्हणाली, आत्या, संपू दे. शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, माझ्या उशाखाली ठेवलं आणि दिवा न लावता बसून राहिली. पट्टीमुळे मला दिसत नव्हतं, पण ऐकू तेवढं आलं. इतके महिने अडलेलं पाणी होतं. मी नुसता हात धरून बसले.

तेव्हा तुझ्या पत्राने वाईट झालं की चांगलं, ते देवच जाणे. रागवायला मला जागाच ठेवली नाहीस. वेडेपणाचं म्हणशील तर आपल्या घरात शहाणं कोण आहे? पण धाकट्या, गेलेल्या माणसाची जागा राखताना राहिलेल्या माणसाला दारात उभं करू नये. एवढंच सांगते. पुढचं तिला तिचं लिहायचंय म्हणते.

तुझी
ताई

बाबा,
आत्याचं संपलं. खालचं माझं आहे.

बॅग आईने भरली नव्हती. आईच्या हातात तेव्हा पेलासुद्धा टिकत नव्हता. ती पलंगावरून सांगायची आणि घड्या मी घालायचे. बाह्या आत, कॉलर वर. जमली नाही की पुन्हा मोड म्हणायची. स्वेटरची घडी मी इतक्यांदा घातली की शेवटी तीच म्हणाली, आता तुझे बाबासुद्धा ओळखणार नाहीत. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, कारण तिला स्वतःला येत नाही हे तुम्हाला कळलं असतं.

मी येते म्हणाले ते आईच्या जागेवर बसायला नव्हे. तुम्ही एकटे होतात, आणि मीही.

घडी मोडली त्याचं दुःख करू नका. मला येते.
ठकी


जहाजावरून,
१२ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हे पत्र तू तुझ्या डोळ्यांनी वाचशील, कारण तुला वाचून दाखवणारी तोवर तिथे नसेल.

तुमचं पत्र सेवकाने चहाबरोबर आणून दिलं. वाचून होईतो दोन्ही कप गार झाले. मी कपाट उघडून हिच्या स्वेटरसमोर उभा राहिलो. जन्म कापडात गेला, आणि घडी घालणारा हात मला ओळखता आला नाही. मी ज्या हातासाठी रडत होतो तो त्या सकाळी मोरीत भांडी घासत होता, आणि मी त्याला घरी ठेवून आलो होतो.

सेवक कप न्यायला आला तेव्हा त्याला बस म्हटलं. तो बसला नाही, पण थांबला. मी सांगितलं की आमच्या घरची मंडळी येणार नाहीत, त्या निघायच्या आधीच वारल्या. ताई, हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. तो म्हणाला की त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जहाजावर काही बरंवाईट झालं तर आपल्या खोलीतून किती माणसं होडीत बसवायची हे प्रत्येक सेवकाला पाठ असावं लागतं. त्याच्या खोलीचं माणूस एकच होतं. बाईसाहेबांचं विचारलं ते बॅग बायकी दिसली म्हणून, आणि माझं उत्तर ऐकून तो समजला. मग रोज दोन कप का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही नको म्हणाल त्या दिवशी थांबवणार होतो. पाहुण्याची सोय म्हणजे तरी दुसरं काय असतं?

बॅगेबद्दल तो स्वतःहून बोलला. इतकी निगुतीने भरलेली बॅग त्याने पाहिली नव्हती, उलगडताना त्याला हात आखडता घ्यावासा वाटला होता. कुणी भरली होती म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलीने.

दुसरा कप उद्यापासून बंद करू का, असं त्याने विचारलं. मी त्यालाच उलट विचारलं की मधल्या बंदरात कुणाला चढता येतं का. सुटातल्या पाहुण्याच्या सोबत्याला येतं म्हणाला. मला हाताला धरून कचेरीत घेऊन गेला. तिथेही रांग नव्हती. इतक्या दिवसांत या सोयीचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

तिथूनच ठकीला फोन लावला. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता. ये म्हटलं, तसा तो थांबला.  मग तिने विचारलं की कपडे किती आणू. मी म्हटलं, थोडेच आण, आईचे आहेत. ती म्हणाली, आईचे मला होणार नाहीत, बाबा. मी म्हटलं, तुझा बाप शिंपी आहे.

पुढच्या बंदरात जहाज लागलं की ती येईल. आज सकाळी देवाला नमस्कार करून मी निळा कोट गच्चीत नेला आणि दोनदा आत घेतलेल्या शिवणी उसवल्या.   आत शिवणीत दुमडलेल्या कापडाची माया ठेवलेली होती, दोन्ही बाजूंनी ठकीला पुरेल एवढी. नव्याने टीप घातली, इस्त्री स्वतः केली, आणि कोट दुसऱ्या खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवला आहे.

आम्हा दोघांवर लोभ राहू दे.
तुझा
धाकटा