एकाच नावाचे तिघे

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! सकाळी दार उघडतो तर एक बाई, कडेवर भोकाड पसरलेलं पोर. "डॉक्टर, याच्या नाकात मणी गेलाय." म्हटलं, बाई, मी भोंगेवाला. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहतात. तिने आधी दारावरची पाटी पाहिली, मग मला पाहिलं. "पाटीवर तर त्यांचंच नाव आहे." आहेच! माझंही तेच आहे, त्याला मी काय करू?

आमच्या जन्माच्या सुमाराला एक नट भलताच गाजत होता. तीन आयांनी तीन घरांत एकच नाव ठेवलं. आडनाव योगायोगाने एकच. नातं म्हणाल तर शष्प नाही. नट पुढे विस्मरणात गेला, आम्ही तिघे मात्र गावात नावारूपाला आलो. एक गातो. एक लोकांच्या कानात, नाकात, घशात बॅटरी मारून बघतो. आणि मी — सायकलच्या कॅरिअरला एक भोंगा बांधून सुरुवात केली, आता गावातल्या प्रत्येक सभागृहातला आवाज माझ्या कारखान्यातून जातो. म्हणून गवई, डॉक्टर आणि भोंगेवाला. पहिल्या दोघांना कसं पदवी मिळाल्यासारखं वाटतं, मला मात्र शिवी! चालायचंच.

आमचा तिघांचा एक नियम आहे. चुकून दुसऱ्याकडे आलेलं माणूस नुसतं पत्ता सांगून वाटेला लावायचं नाही, स्वतः नेऊन पोचवायचं. बाईला गाडीत घातलं, पोचवलं. डॉक्टरने एका झटक्यात मणी काढला आणि मला म्हणाला, "कमिशन मिळणार नाही हं."

दुपारी फोन. "मी बोलतोय." "कोणता मी?" "गाणारा." उद्या नव्या सभागृहात तालीम आहे. महिनाअखेरीला उद्घाटन, गाणं गवयाचं, आवाजाची व्यवस्था माझी. डॉक्टर म्हणतो, मी पहिल्या रांगेत बसून झोपणार.

४ मार्च, मंगळवार

गवयाचा वरचा सूर म्हणजे काय, हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. लोक तिकीट काढतात ते त्या एका सुरासाठी. बाकीचं गाणं म्हणजे तिथपर्यंत जायचा जिना.

आज तो सूर लागला, आणि मी हेडफोन काढून परत घातला. त्यात खरखर! अगदी बारीक, काचेच्या भांड्याला तडा गेल्यावर वाजते तशी. परत गायला लावलं. परत तीच. माईक बदलला, वायर बदलली. तीच.

बोललो नाही.

५ मार्च, बुधवार

दिवसभर डोकं फिरलेलं. कारखान्यात तीन स्पीकर परत पाठवले, वरच्या पट्टीत वाजवताना खरखरतात म्हणून. मिस्त्री म्हणतो, "साहेब, मला तर साफ ऐकू येतंय." त्याला म्हटलं, तुझ्या कानांवर कारखाना चालवला असता तर आज आपण दोघं सायकलवर असतो. हळू आवाजात काहीतरी पुटपुटला ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

७ मार्च, शुक्रवार

सांगितलं गवयाला. सांगायलाच हवं होतं. भोवती वाहवा करणारे पन्नास आहेत, खरं सांगणारा एक तरी नको?

आधी हसला. मग तिथेच खुर्चीत बसून तो सूर लावला. एकदा. दोनदा. मला विचारलं, "आहे?" म्हटलं, आहे. तिसऱ्यांदा लावला आणि स्वतःच म्हणाला, "हो रे. मलाही काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय."

मग एकदम हात धरला. "कुणाला बोलू नकोस. घशाच्या डॉक्टरच्या दारात मी दिसलो ना, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. सगळे कार्यक्रम हातचे जातील. आणि वरच्या सुराशिवाय मी कोण? तुमच्यासारखाच एक!"

तुमच्यासारखाच! माणूस रडायच्या बेतात असतानाही टोमणा सोडत नाही.

८ मार्च, शनिवार

युक्ती मला सुचली. मलाच सुचणार!

डॉक्टरच्या दवाखान्यात माझ्या नावाने वेळ घ्यायची. नाव एकच, म्हणजे खोटं कुणीच बोलत नाही. गवई दुपारी दवाखाना बंद असताना मागच्या जिन्याने जाईल, मी आधी पुढच्या दाराने जाऊन सगळ्यांच्या देखत खोकून येईन. डॉक्टरला फोन केला. "मी बोलतोय." "कोणता?" "खोकणारा." तो म्हणाला, "तुम्हा दोघांचं वय काय, करताय काय!" पण तयार झाला.

ही म्हणाली, "अहो, पण तुम्हाला गप्प बसावं लागेल की! घसा बिघडलेला माणूस बडबडत नाही." हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या मात्र पहिल्यांदा तेच लक्षात आलं.

१२ मार्च, बुधवार

दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी मोठी चौकस. "कोणते? गाणारे?" मी घसा धरून कुजबुजलो, "भोंगेवाले." तिच्या चेहऱ्यावर निराशा पसरली.

दवाखाना बंद झाल्यावर मागच्या जिन्याने गवई आला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. असा की ज्याला ओळखायचं नव्हतं त्यानेही वळून बघावं! डॉक्टरने नळी घालून सगळं तपासलं. म्हणाला, "काचेसारखा स्वच्छ घसा आहे. मला काही दिसत नाही."

गवयाने माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतोस?"

म्हटलं, खरखर आहे.

डॉक्टर चिडला. "मी डोळ्यांनी बघतोय!" गवई शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, सूर बघायचा नसतो. याचे कान मी तीस वर्षं ओळखतो." काय बोलला! छाती फुगली माझी. शेवटी डॉक्टरने हात टेकले. "मग पंधरा दिवस मौन. नुकसान तर काही नाही."

१५ मार्च, शनिवार

गावात बातमी अशी पसरली, जशी माझ्या भोंग्यावरून सोडली! भोंगेवाल्याच्या घशाला काहीतरी झालंय. सकाळपासून माणसांची रीघ. कुणी मध आणतंय, कुणी मिठाच्या गुळण्या सांगतंय. बाजारपेठेतला तो दुसरा भोंग्यांचा दुकानदार, जो वीस वर्षांत माझ्याकडे बघून हसला नाही, तो येऊन सोफ्यावर बसला. सुतकी चेहरा. "कारखान्याचं काही ठरवलंत का?" म्हणजे मी मेलोच! मी नुसता खोकलो. तो घाबरून लांब सरकला.

हिची चैन आहे. दोन्ही बहिणींना फोन करून सांगितलं, "यांना बोलायची बंदी आहे. हो ना, घर किती मोठं वाटतंय!" मी आतून ओरडलो तर म्हणते, "श्श! पाहुणे बाहेर आहेत."

१९ मार्च, बुधवार

गवयाकडे गेलो. तोही मुका, मीही मुका. समोरासमोर बसून दोघं पाटीवर लिहितोय! वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "गावातले दोन सगळ्यांत मोठे आवाज, आणि मला घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय." मला हसू फुटलं. गवई हसला नाही. हल्ली हसत नाही तो. वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. "भाऊजी, हे जेवत नाहीत. सारखे गळ्याला हात लावून बसतात. खरंच आहे ना हो काही? डॉक्टर तर नाही म्हणतात."

म्हटलं, वहिनी, नसतं तर मी बोललो असतो का?

२३ मार्च, रविवार

डॉक्टर घरी आला. चहा झाला. जाताना म्हणाला, "आलोच आहे तर तुझेही कान बघू का?" म्हटलं, माझे कान? अरे, माझ्या कानांवर तुझा दवाखाना उभा राहिला असता! शेजारच्या घरात चमचा पडला तर स्टीलचा की पितळेचा ते सांगतो मी.

"बरं बाबा," म्हणाला. "तिघांत एकाने तरी धडधाकट असावं."

२७ मार्च, गुरुवार

मौन संपलं. आज रिकाम्या सभागृहात आम्ही तिघेच. गवयाने बाकीचं गाणं इतकं सुरेख गायलं की डॉक्टर जागा राहिला! मग वरचा सूर.

आहे. मागच्यापेक्षा जास्तच.

डॉक्टर म्हणाला, "मला तर स्वर्गातून आल्यासारखा वाटला." गवई म्हणाला, "तुला भोंग्यावरचा लिलावही तसाच वाटतो." पण आवाजात जोर नव्हता. मग स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला आणि मला म्हणाला, "ऐक. शनिवारी तू तुझ्या जागेवर उभा राहा, मला दिसशील असा. शेवटी मी तो सूर लावेन आणि तुझ्याकडे बघेन. साफ असेल तर मान हलव. नसेल तर हाताने नाही म्हण. नाही म्हणालास तर त्याच दिवशी थांबतो. तडा गेलेलं भांडं लोकांच्या पुढ्यात मी ठेवणार नाही."

डॉक्टर काही बोलायला गेला. गवयाने हात वर केला.

मी म्हटलं, खोटी मान हलवणार नाही हं. तो म्हणाला, "म्हणून तर तुला सांगतोय."

३० मार्च, रविवार

काल झालं.

सभागृह तुडुंब. जिन्यांवर माणसं. काउंटरवरची ती मुलगीसुद्धा आली होती, मला बघून गळ्याकडे बोट दाखवून "बरं आहे?" असं खुणेने विचारत होती. वहिनी पहिल्या रांगेत, शेजारी डॉक्टर, त्याच्या शेजारी ही. मी मागे माझ्या बटणांपाशी, दिव्याखाली, त्याला दिसेन असा. हेडफोन काढून ठेवले. म्हटलं, हा सूर यंत्रातून नको, उघड्या कानाने.

जिना चढत चढत तो वर गेला. आणि लावला. लांब, ताणून, श्वास संपेपर्यंत. लोक उभे राहिले. समोरच्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. आणि मला त्या सगळ्यातून खरखर ऐकू येत होती, स्पष्ट! एवढ्या माणसांत एकट्या मला.

त्याने माझ्याकडे बघितलं. टाळ्या चालू होत्या. मान हलवणं किती सोपं होतं! हललीच होती जवळजवळ. पण तीस वर्षांचा भरवसा आहे त्याचा. मी हात हलवून नाही म्हटलं.

तो हसला, कित्येक दिवसांनी. टाळ्या थांबायची वाट बघितली. मग माईक जवळ घेऊन म्हणाला, "ज्या सुरासाठी तुम्ही येत होतात, तो आता माझा राहिला नाही. तुम्ही प्रेमाने ऐकता, म्हणून तुम्हाला कळत नाही. आजचं गाणं शेवटचं." लोकांना आधी थट्टाच वाटली. मग सगळं सभागृह असं शांत झालं की मला माझ्याच यंत्रांची घुमघुम ऐकू आली. वहिनींनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर काही मला झेपली नाही.

बाहेर पडताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "खरा दोस्त." डॉक्टर माझ्याशी बोललाच नाही.

घरी येताना कोपऱ्यावर ही एवढंच म्हणाली, "मला तर छान वाटला हो सूर." म्हटलं, तुला कळायचं नाही ते.

३१ मार्च, सोमवार

ही पहाटेच बहिणीकडे गेली, म्हणून चहा मीच ठेवला. जन्मात पहिल्यांदा. किटलीची शिट्टी वाजली — आणि त्यात तीच खरखर! किटलीला कसला आलाय घसा! खाली उतरवली, परत चढवली. तीच. मग डाव्या कानावर हात दाबून धरला.

साफ.

हात काढला. खरखर. हात ठेवला. साफ.

चहा तसाच राहिला आहे. जोडे घालतोय. आधी गवयाकडे, मग डॉक्टरकडे.