पिशवीत फुंकलेला श्वास

१२ जानेवारी २००५
बायपासला सहा आठवडे झाले. पहाटेच्या एस.टी.नं गडहिंग्लजहून कोल्हापूर, तपासणीला. सौ. बरोबर. दवाखान्यात नवाच प्रकार : उपाशीपोटी प्लास्टिकच्या पिशवीत फुंकायचं. श्वासातला ॲसिटोन मोजतात. वाढला तर हृदय थकतंय. अजून प्रयोगच आहे म्हणे, पिशव्या पुण्याला जातात.
फुंकून घेणाऱ्या पोरीनं सहज विचारलं, "काका, मुलं किती?"
"न्हाईत."
सौ. उठून बाहेर गेली.

१६ जानेवारी
चार दिवस अबोला. आज जेवताना म्हणाली, "जित्या लेकीला मारलासा की हो."
सात वर्षं झाली. लेक शैला शिकवायची त्याच शाळेतल्या मास्तरशी तिनं लग्न केलं. तो बौद्ध, आम्ही लिंगायत. कापडदुकानाची पायरी चढू नकोस, हे मीच बोललो. तिनं ते पाळलं. माझ्यासारखीच हट्टी. इचलकरंजीजवळ कबनूरला असते, तिथल्या शाळेत शिकवते. तिला ऑपरेशनचंही कळवलं नाही.

९ फेब्रुवारी
दुसऱ्या पिशवीचा निकाल पुण्याहून आला. आकडा वाढलाय. डॉ. म्हणाले, "एका आकड्यावर जाऊ नका, उपासानंही वाढतो. पायाला सूज?"
आहे. आठवडाभर चपला घट्ट होतायत. सौ.ला बोललो नव्हतो. गोळी वाढवली, पाणी मोजून प्यायचं.
येताना एस.टी.त सौ.नं हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी
दुकानात एक बाई पोरीच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायला आली. पोरगी काउंटरला लोंबकळत होती. शैला अशीच...
संध्याकाळी सौ.ला विचारलं, "शैलाला काय पोरंबाळं?"
"हाय की. पोरगी. पाच वर्सांची. मैत्री."
"मला सांगितलं न्हाईस."
"तुमी कवा इचारलासा?"
मैत्री. दोनतीनदा म्हणून बघितलं.

२३ फेब्रुवारी
तिसरी पिशवी दिली. निकाल परवा. सूज उतरल्यासारखी वाटते, पण डॉ. आकडा आल्यावर सांगतो म्हणाले.
स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागली होती. सौ. चढायला निघाली. मी म्हणालो, "इचलकरंजीची बघ." तिनं पदरानं तोंड पुसलं.
आता कबनूर. शैलाच्या शाळेसमोरच्या हॉटेलात बसून हे लिहितोय. आजूबाजूला यंत्रमागांची खडखड, बोललेलं ऐकू येत नाही. शाळा सुटायला दहा मिनिटं आहेत. काय बोलायचं ते एस.टी.त जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.
सौ. म्हणते, "मी हितंच बसतो. तुमी एकलंच जावा."
घंटा झाली. शिक्षक शेवटी निघत असतील. तरी उठतो.